पारावरची निवड समिती

आमच्या गावात क्रिकेटचं धड मैदान नव्हतं, पण निवड समिती होती. मारुतीच्या देवळापुढं पिंपळाचा पार आहे, त्यावर ती बसायची. पावसाळ्यात शिंपीकाकांच्या दुकानाच्या फळीवर बसायची, कारण गावातला चालू स्थितीतला रेडिओ त्यांच्याकडं होता. त्याचं लायसन पोस्टात पैसे भरून दरवर्षी नवं करावं लागायचं. त्यामुळं काका स्वतःला समितीचे अध्यक्ष समजायचे. कुणी फार वाद घातला की सरळ रेडिओचा कान पिरगाळायचे. मग सगळे गप्प.

समितीत कोण नव्हतं? शाळेचे मास्तर होते, एसटीचा एक कंडक्टर होता, दूध घालून परतणारी पोरं होती, आणि आमचे थोरले चुलते आप्पा होते. आप्पांनी तरुणपणी लाल माती अंगाला लावलेली. बॅट त्यांनी जन्मात हातात धरली नाही. पण कप्तान चुकला कुठं, हे ते छातीठोकपणे सांगायचे. मास्तर एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला लेग कुठली नि ऑफ कुठली ते तरी कळतं का?"

आप्पा म्हणाले, "न्हाई कळत. पर माणूस कळतो."

आता साठी ओलांडली. शेताच्या बांधावर बसून मागचं आठवतो तेव्हा वाटतं, आमच्या गावानं वाद घालायची रीत या पारावरच शिकली. भावकीच्या वादात कुऱ्हाडी निघायच्या, इलेक्शनच्या वादात डोकी फुटायची. पण वाडेकर की पतौडी यावर दोन वर्षं भांडूनही कुणी कुणाचं पाणी तोडलं नाही. त्या वादांचा हा इतिहास लिहितोय. त्यात माझ्या अंगाशी आलेली एक गोष्टही आहे. ती गाळली तर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही.

पहिला मोठा वाद मला आठवतो तो १९७१ सालचा. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. वेस्ट इंडीजला जायचा संघ ठरत होता. कप्तान पतौडी ठेवायचा की अजित वाडेकरला करायचं, यावर निवड समितीत मतं सारखी पडली. विजय मर्चंट अध्यक्ष. त्यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. एका मतानं नवाब गेला आणि दादरचा बँकेतला नोकरदार कप्तान झाला.

पारावर हे एक मत फार गाजलं. ग्रामपंचायतीत एका मतानं सरपंच पडलेला आमच्या लोकांनी पाहिला होता, त्यामुळं त्यांना त्यातली गोम लगेच कळली. कंडक्टर म्हणायचा, "मुंबईवाल्यांनी मुंबईवाला केला. ह्यात नवल काय?" मास्तर म्हणायचे, "अहो, राजेरजवाड्यांचे तनखे बंद करायच्या गोष्टी चालल्यात. क्रिकेटातलाच नवाब कशाला पाहिजे?" तनखे त्याच वर्षाअखेर बंद झाले. आप्पा दोघांनाही म्हणाले, "त्यो खेळतो कसा, माणसं संभाळतो कशी, ते बगा की. नवाब हाय का कारकून हाय, त्याचं काय करायचंय?"

वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये जिंकून आला. गावसकर नावाच्या नव्या पोरानं चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या. आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईनं ६४२ काढल्या. ऑगस्टात इंग्लंडलाही ओव्हलवर हरवलं. चंद्रशेखरनं एका डावात सहा गडी बाद केले. नेमकी गणेशचतुर्थी होती. आमच्याकडं गणपती बसले आणि तिकडं मैदानात प्राणिसंग्रहालयातला खरा हत्ती आणला होता, असं पेपरात आलं. सकाळी मर्चंटना शिव्या घालणारी माणसं संध्याकाळी "मी आधीच म्हणलं हुतं" म्हणायला लागली. 'मी आधीच म्हणलं होतं' हे वाक्य पारावर कधी शिळं झालं नाही.

तीन वर्षांनी, १९७४ साली, तोच वाडेकर, तोच इंग्लंड. लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत संपला. एकट्या एकनाथ सोलकरच्या नाबाद १८. तिन्ही कसोट्या हरलो. शिंपीकाकांनी दोन दिवस रेडिओ लावला नाही, घरात मयत झाल्यासारखा झाकून ठेवला. इंदूरला विजयाची आठवण म्हणून सिमेंटची मोठी बॅट उभी केली होती, तिला लोकांनी डांबर फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि त्यांनी खेळणंच सोडलं. ज्याला खांद्यावर घेतला त्यालाच असा खाली टाकला.

त्या वेळी आप्पा एक गोष्ट बोलले. बोलणं साधं होतं, पण पुढं आयुष्यभर माझ्या कामी आलं. पारावर सगळे वाडेकरला नावं ठेवत होते. आप्पा म्हणाले, "आरं, आपण रोहिणीत धूळपेर करतो. पाऊस आला तर शाणं, न्हाई आला तर येडं. पर मूठ सोडताना ढगात काय हाय ते कुणाला दिसतं का? त्या टायमाला त्याला काय ठावं हुतं, तेवढंच बगून बोला. पीक बगून पेरणाऱ्याला नावं ठिवू नका."

मास्तरांनी हे वाक्य चांगल्या मराठीत करून फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं. पण आप्पांच्या तोंडात जे होतं ते त्यात उतरलं नाही.

हा आप्पांचा नियम लावून पाहिलं की निम्मे वाद मिटायचे. १९७५ च्या पहिल्या वर्ल्ड कपात इंग्लंडनं ६० षटकांत ३३४ धावा केल्या. उत्तरात गावसकर ६० षटकं खेळून ३६ वर नाबाद राहिला. १७४ चेंडू खाल्ले. तेव्हा मात्र आप्पा म्हणाले, "ह्यात ढग बगायचं कारण न्हाई. पाऊस पडत हुता नि ह्यो छत्री धरून रानात उभा राहिला." सगळा पार हसला. शिंपीकाका गावसकरचे भक्त. ते आठ दिवस आप्पांशी बोलले नाहीत. आप्पांच्या सदऱ्याला काजं करायचीसुद्धा राहून गेली.

पुढच्या वर्षी, १९७६ ला, मी दहावी झालो. नवी दहावी होती ती, अकरावीची जुनी मॅट्रिक बंद होऊन एकच वर्ष झालेलं. पुढं शिकायची ऐपत नव्हती. बैलांच्या मागं लागलो आणि पारावर मला जागा मिळाली. दहावी झालेला म्हणून पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. मी मोठ्यानं वाचायचो, मधेच कुणीतरी "थांब, थांब" म्हणून अडवायचं आणि वाद सुरू व्हायचा. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की मात्र सगळे चिडीचूप. चेंडू कुठं गेला हे आपल्या भाषेत कळायला लागलं आणि बायकाही धुणं टेकवून दोन मिनिटं उभ्या राहायला लागल्या.

१९८३ चा वर्ल्ड कप आम्ही रेडिओवरच ऐकला. झिम्बाब्वेविरुद्ध ४ बाद ९ झाल्यावर कपिल देव आला आणि नाबाद १७५ करून गेला. फायनलला आपल्या फक्त १८३ झाल्या, तरी वेस्ट इंडीज १४० वर गुंडाळलं. त्या स्पर्धेत गावसकरला दोन सामने बाहेर बसवलं होतं. जिंकल्यावर ते सगळे विसरले. हरलो असतो तर तेवढं एकच कारण वर्षभर पुरलं असतं.

आणि मग आला १९८४ चा डिसेंबर. देशात लोकसभेच्या इलेक्शनची धामधूम होती. दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध सामना वाचवायचा होता. कपिलनं येऊन एक षटकार मारला आणि लगेच दुसरा मारायला जाऊन झेल दिला. सामना हरलो. पुढच्या कलकत्त्याच्या कसोटीतून कपिलला वगळलं. संदीप पाटीललाही वगळलं. कप्तान गावसकर. ईडन गार्डनवर लोकांनी 'कपिल नाही तर कसोटी नाही' असे फलक धरले. कपिल पुढच्या कसोटीत परत आला. संदीप पाटील त्यानंतर कधीच कसोटी खेळला नाही. पण त्याच्यासाठी कुणी फलक धरल्याचं माझ्या वाचनात नाही.

आमच्या पारावर उभी फूट पडली. शिंपीकाका, मास्तर एका बाजूला: शिस्त म्हणजे शिस्त, मग तो कपिल का असेना. मी, कंडक्टर आणि सगळी तरणी पोरं कपिलच्या बाजूला. आम्ही कपिलला शेतकऱ्याचा पोरगा ठरवून टाकला होता. हरियाणाचा म्हटल्यावर दूध, तूप, नांगर आलाच असं आम्हाला वाटायचं. त्याच्या वडिलांचा चंदीगडला लाकडाचा धंदा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याला जसा पाहिजे तसा माणूस आपण मनात घडवतो आणि त्याच्यासाठी भांडतो. मी तर तेव्हा असा भांडलो की घसा बसला. "ज्यानं वर्ल्ड कप आणला त्याला एका फटक्यासाठी काढता? गुण बघायचा की मान बघायचा? मोठ्या माणसांना हा रानदांडगा पुढं गेलेला खपत नाही, दुसरं काय!" हे माझे शब्द. लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानंच ती गोष्ट घडली.

आमच्या गावचा टेनिस बॉलचा संघ होता. तालुक्याच्या गावाला शिवजयंतीच्या सुमारास स्पर्धा भरायच्या. आमचा कप्तान साखर कारखान्यावर नोकरीला लागून गेला. नवा कप्तान करायचा होता. संघात सगळ्यात जाणता खेळाडू एकच होता. त्याला आम्ही डावऱ्या म्हणायचो. डाव्या हातानं असा चेंडू टाकायचा की फलंदाज पुढं आला की चेंडू खाली बसायचा. कुणाला कुठं उभं करायचं, कुणाला किती षटकं द्यायची, हे जुना कप्तानही त्यालाच विचारून करायचा. माझ्याच वयाचा. पहिली ते सातवी आम्ही एका वर्गात.

डावऱ्या मातंग समाजाचा. आज त्या वस्तीला अण्णाभाऊ साठे नगर म्हणतात, तेव्हा गाव काय म्हणायचं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याचा बाप दोर वळायचा. आमच्या बैलांचे कासरे, मोटेचा नाडा, सगळं त्याच्या हातचं. वर्षाला सुगीत पेंढ्या आणि पायलीभर धान्य. पोरगा मात्र दोराच्या धंद्यात पडला नाही. वीटभट्टीवर जायचा आणि संध्याकाळी खेळायला यायचा.

कप्तान ठरवायची बैठक पारावर व्हायला पाहिजे होती. ती देवळात ठेवली. आत आम्ही सात-आठ जण. डावऱ्या आणि त्याच्या वस्तीतली दोन पोरं बाहेर पायरीखाली. अस्पृश्यता कायद्यानं केव्हाच गेली होती, पण ती पायरी कुणी चढत नव्हतं आणि चढा असंही कुणी म्हणत नव्हतं. दुसरं नाव एका मोठ्या घरच्या पोराचं होतं. पोरगा वाईट नव्हता. बॅट, स्टंप, हातमोजे त्यांच्या घरून आले होते.

कुणीही 'डावऱ्या खालच्या जातीचा आहे' असं म्हणालं नाही. असं कधीच कुणी म्हणत नाही. एकजण म्हणाला, "तालुक्याला टॉसला कप्तान जातो. फोटो काढतात." दुसरा म्हणाला, "मॅचनंतर साहेब लोकांबरोबर चहापाणी असतं, गावाची इज्जत असते." तिसरा म्हणाला, "त्याला तरी अवघडच होईल की. त्याच्या भल्यासाठीच म्हणतोय." मग सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं, कारण पेपर वाचणारा मी. कपिलसाठी घसा बसवलेला मी.

मी काही बोललो नाही. चपलेचा अंगठा तुटला होता, तो बघत बसलो.

मोठ्या घरचा पोरगा कप्तान झाला. डावऱ्या खेळायला आला. मला वाटलं होतं येणार नाही, पण आला. तीन सामने खेळला, विकेटी काढल्या, आणि आम्ही ती स्पर्धा जिंकली. ढाल घेऊन ट्रॅक्टरमधून गावात आलो. पारावर सगळे म्हणाले, "बघा, निर्णय बरोबर निघाला." आप्पा मात्र काही बोलले नाहीत. माझ्याकडं बघून उठून घरी गेले. पीक बघून पेरणाऱ्याला शाबासकीही देऊ नये, हा त्यांच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग मला त्या दिवशी कळला. त्या टायमाला आम्हाला काय ठावं होतं? डावऱ्या सगळ्यात चांगला आहे, हे ठावं होतं. आम्ही जिंकलो, म्हणून त्यात काही बदलत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात डावऱ्या भोसरीला गेला. कंपनीत लागला.

पुढचा इतिहास टीव्हीचा आहे, तो भराभर सांगतो. ग्रामपंचायतीत काळा-पांढरा संच आला. १९८७ ला वानखेडेवर इंग्लंडकडून उपांत्य सामना हरलो. कपिल उचलून मारायला गेला आणि गॅटिंगच्या हातात झेल देऊन आला. तेव्हा शिंपीकाका माझ्याकडं वळून म्हणाले, "काय, घ्या अजून बाजू!" १९९६ ला कलकत्त्याला अझरुद्दीननं टॉस जिंकून श्रीलंकेला फलंदाजी दिली. १ बाद ९८ वरून ८ बाद १२० झाले, लोकांनी बाटल्या फेकल्या, सामना तिथंच थांबला आणि आपला विनोद कांबळी रडत बाहेर आला. अझरला सगळ्या गावानं शिव्या दिल्या. पण त्याच श्रीलंकेनं थोड्याच दिवसांपूर्वी दिल्लीला आपल्या २७१ धावा हसत हसत ओलांडल्या होत्या, ते त्याच्या डोक्यात असणार. २००३ च्या फायनलला गांगुलीनं असाच टॉस जिंकून ऑस्ट्रेलियाला खेळायला दिलं आणि त्यांनी ३५९ केल्या. पाऊस होऊन गेला होता, खेळपट्टीत ओल होती. मी पारावर म्हणालो, "गड्यानं वापसा बघून पेरलं. वापसा त्याला फसवून गेला." आप्पा तोवर गेले होते. त्यांचं वाक्य आता मी बोलत होतो.

२००४ ला मुलतानला द्रविडनं सचिन १९४ वर असताना डाव सोडला. आमच्या घरात बाप-लेकात वाद झाला. मी द्रविडच्या बाजूनं, पोरगा सचिनच्या. दोन दिवस तो माझ्या ताटाला जेवला नाही. असल्या वादात गोडी असते. पण २००७ ला वर्ल्ड कपातून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, तेव्हा रांचीत धोनीचं नवं घर बांधायचं चाललं होतं, ते लोकांनी जाऊन मोडलं. ते टीव्हीवर बघताना मला इंदूरची डांबर फासलेली बॅट आठवली. तेहतीस वर्षांत आपण एवढंच पुढं आलो.

त्याच सुमारास तालुक्याच्या वाचनालयात माझ्या हाती पळवणकर बाळूंची माहिती आली. ती वाचून मी ऊस तोडायला आलेल्या टोळीलासुद्धा विसरलो.

पळवणकरांचं घराणं मूळ कोकणातलं, चर्मकार समाजाचं. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. बालपण पुण्यात लष्करी वातावरणात गेलं. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी रोलायची, जाळी लावायची, झाडलोट करायची, असं त्यांचं काम. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचा एक साहेब फलंदाजीच्या सरावासाठी त्यांना तासन् तास चेंडू टाकायला लावायचा. फलंदाजी करायला मात्र कुणी द्यायचं नाही. डाव्या हाताचा फिरकी गोलंदाज तयार झाला तो असा. पुढं पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांनी एकच हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा.

चहा! मी तिथं पुस्तक मिटलं. 'साहेब लोकांबरोबर चहापाणी असतं' हे वाक्य देवळात बोलणाऱ्याचा आवाज माझ्या कानात आला.

१९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघानं युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा हात होता. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तिथं त्यांनी शंभरावर गडी बाद केले. असा माणूस कप्तान व्हायला पाहिजे की नको? वर्षामागून वर्षं हा वाद चालला. गुणानं व्हायला पाहिजे होता, जातीमुळं केला नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघात होते, नावाजलेले फलंदाज. त्यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि का काढलं ते जाहीर लिहून सांगितलं. वर्तमानपत्रांत, जिमखान्यात, मैदानाच्या कडेला वाद पेटला. शेवटी जिमखान्याला नमावं लागलं. बाळूंना उपकप्तान केलं, आणि कप्तान मैदानाबाहेर गेला तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. १९२३ साली धाकटे विठ्ठल कप्तान झाले. हिंदू संघ जिंकला आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचललं. पुढं विठ्ठलांनी मराठीत आपलं आत्मचरित्रही लिहिलं. बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसकडून उभे राहिले आणि थोड्या मतांनी पडले. धर्मावर संघ पाडायची ती स्पर्धाच १९४६ ला बंद झाली.

हे वाचून मला दोन गोष्टी कळल्या. संघाचा कप्तान कोण, हा वाद रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं म्हणणारे चुकतात. त्या वादात कोण कुणाच्या शेजारी बसणार, कुणी कुणाचा हुकूम ऐकायचा, हे ठरत असतं. आणि दुसरी गोष्ट, १९२० साली तो वाद हलला, कारण आतली दोन माणसं उठून बाहेर गेली. नुसत्या मैदानाच्या कडेच्या ओरड्यानं ते झालं नसतं. १९८५ साली आमच्या देवळात मी आतला माणूस होतो.

डावऱ्याशी माझं बोलणं तुटलं नव्हतं. जत्रेला यायचा, भेटायचा. २०११ चा वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "युवराजच्या आदी धोनी आला, ते पटलं का तुला?" धोनीनं नाबाद ९१ केल्या होत्या, शेवटचा षटकार मारला होता, सगळा देश नाचत होता, आणि हा विचारतोय पटलं का. मी म्हणालो, "शून्यावर गेला असता तरी पटलं असतं. मुरलीधरन टाकत होता, डावऱ्या फलंदाजाला अवघड गेलं असतं." तो म्हणाला, "आता तू आप्पासारका बोलाय लागलास." त्या रात्री आम्ही तासभर बोललो.

२०२१ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानकडून हरल्यावर आमच्या पोरांच्या मोबाइलवरच्या ग्रुपात शमीबद्दल जे आलं, ते वाचून माझे हात कापले. अकराच्या अकरा हरले होते, पण धर्म एकाचाच काढला होता. कोहलीनं उघडपणे शमीची बाजू घेतली. मी ग्रुपात लिहिलं: 'चेंडू वाईट टाकला असेल तर चेंडूबद्दल बोला. माणसाच्या घरादाराबद्दल बोलायचं असेल तर पारावर येऊन माझ्यासमोर बोला.' कुणी आलं नाही. दोघातिघांनी लिहिलेलं पुसलं. एवढं लिहायला मला छत्तीस वर्षं लागली.

त्या दिवाळीला डावऱ्या गावी आला. निवृत्त झाला होता. पारावर बसलो आणि मी एकदाचं बोललो. म्हणालो, "त्या दिवशी देवळात मी बोलायला पाहिजे होतं."

तो बराच वेळ पिंपळाकडं बघत होता. मग म्हणाला, "मी पायरीखालीच हुतो की. आत कोन काय बोलतंय, समदं ऐकू येत हुतं. ज्यांनी नगं म्हणलं त्यांचं मला काय वाटलं न्हाई. ते तसंच म्हणणार. तुजा आवाज कधी येतुया, ते ऐकत हुतो."

मग तो म्हणाला, "जाऊ दे. पंत की साहा, कसोटीला कोण पाहिजे सांग." मला उत्तर सुचलं नाही. त्यालाही ते उत्तर पाहिजे होतं असं नाही.

आता गावाचा संघ निवडायचा असला की पोरं मला बोलावतात. म्हातारा म्हणून मान देतात. मी एकच अट घातली आहे. निवड देवळात नाही, कुणाच्या ओसरीवर नाही, पारावर उघड्यावर करायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याला तिथं बसवून करायची. ज्याला नको म्हणायचं असेल त्यानं त्याच्या तोंडावर कारण सांगायचं. पहिल्या वर्षी फार भांडणं झाली. बैठक रात्री एकपर्यंत चालली. चालू दे म्हटलं.

मागच्या वर्षीचा कप्तान कोण झाला, कुठल्या वस्तीचा झाला, ते इथं लिहीत नाही. संघ पहिल्याच सामन्यात हरला. दुसऱ्या दिवशी पारावर गेलो तर वाद पेटलेला. टॉस जिंकून फलंदाजी का दिली, शेवटचं षटक त्याला का दिलं. मी कान देऊन ऐकलं. अर्धा तास ऐकलं. सगळे चेंडूबद्दलच बोलत होते.